मेंदूच्या आजारावरच्या शॉर्ट फिल्म नातेवाईकांना दाखवून खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की आईला मार्चमध्ये स्ट्रोक झाला, उजवा हात-पाय बऱ्यापैकी सावरला, पण बोलणं गेलं ते अजून आलं नाही. नातेवाईक येतात, 'आता तर छान दिसताय की' म्हणतात आणि मग त्यांच्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोलतात. कुणीतरी सुचवलं की फॅमिली ग्रुपवर एखादी शॉर्ट फिल्म टाका, म्हणजे कळेल सगळ्यांना. तर कुठली टाकू आणि कळेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाला २०१६च्या पावसाळ्यात सिंहगड रोडवर स्कूटर घसरून डोक्याला मार लागला. हेल्मेट डिकीत होतं, पुणेकर असल्याचा पुरावा म्हणून. नऊ दिवस आयसीयू, तीन आठवडे वॉर्ड, आणि तेव्हापासून आजपर्यंत घर. त्यामुळे या विषयावरच्या फिल्म मी आवडीने नाही, गरजेपोटी पाहिल्यात. नातेवाईकांना दाखवूनही पाहिल्यात. एकदा तर साफ तोंडावर आपटलो. ते आधी सांगतो.

दादाला मार बसला तो कपाळामागच्या भागाला. तीन महिन्यांत तो चालायला, बोलायला, जेवायला लागला. पिंपरीत एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचा. तिथले शेकडो पार्ट नंबर त्याला आजही तोंडपाठ आहेत. पण सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दाराशी तो चाळीस-चाळीस मिनिटं उभा असतो. आंघोळ करायची असते त्याला, फक्त सुरुवात होत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून 'नळ सोडा' म्हणाली की पुढचं सगळं तो व्यवस्थित करतो. 'किल्ली द्यावी लागते,' असं ती म्हणते. आमच्या आत्याचं निदान मात्र वेगळं होतं: बायकोने लाडावून ठेवलाय.

अशा वेळी एका काकांनी वहिनीला एक फिल्म पाठवली. कुठल्या तरी हॉस्पिटलच्या जाहिरातीसारखी होती. अॅम्ब्युलन्स, काचेच्या दारामागे रडणारी आई, मागे पियानो, मग 'सहा महिन्यांनंतर', आणि तो मुलगा मॅरेथॉन पळतोय. खाली पट्टी, जिद्दीपुढे काही अशक्य नाही. सोबत काकांचा मेसेज: बघ, हा तर नोकरीवरसुद्धा गेला. वहिनीने मोबाइल उलटा ठेवला आणि त्या दिवशी ती कुणाशी फार बोलली नाही. जनजागृतीच्या नावाखाली निघणाऱ्या निम्म्या फिल्म या साच्याच्या असतात. पाहणाऱ्याला उभारी येते, आणि ज्याचा माणूस पळत नाही त्याच्यावर आपोआप ठपका बसतो की तुम्हीच कुठेतरी कमी पडलात.

मग मी ठरवलं, आपणच चांगली फिल्म शोधून दाखवायची. भाऊबीजेला सगळे जमले होते तेव्हा टीव्हीवर 'मेमोराब्ल' लावली. ब्रुनो कोले या फ्रेंच दिग्दर्शकाची २०१९ची अॅनिमेशन फिल्म, बारा मिनिटांची. लुई नावाचा म्हातारा चित्रकार आहे आणि त्याच्या भोवतालचं जग हळूहळू बदलत चाललंय. आधी वस्तू, मग माणसं आपला आकार सोडायला लागतात. विल्यम उटरमोलन हा चित्रकार अल्झायमर झाल्यावरही स्वतःची व्यक्तिचित्रं काढत राहिला होता, त्या चित्रांवरून ही सुचलेली. फ्रान्समधल्या अॅनेसीच्या अॅनिमेशन महोत्सवात तिला पहिलं पारितोषिक होतं, ऑस्करचं नामांकनही. फ्रेंच येत नसलं तरी काही अडत नाही, सगळं डोळ्यांनीच कळतं. बिनचूक फिल्म आहे, आणि आमच्या घरी सगळे रडले. आत्या तर पदराने डोळे पुसत उठली, दादाजवळ गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, 'मला ओळखलंस ना रे?'

दादाने माणसं ओळखायची कधीच थांबवली नव्हती.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. अल्झायमरची फिल्म मी मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या घरी दाखवली. नातेवाईकांच्या डोक्यात 'मेंदूचं काहीतरी' असा एकच डबा असतो. त्यात जे टाकाल ते त्यांच्या दृष्टीने सगळ्यांना लागू. त्या डब्यात आधीपासून हिंदी सिनेमा ठासून भरलेला असतोच: डोक्यावर दणका बसला की याददाश्त जाते, दुसरा दणका बसला की परत येते, आणि 'गजनी'पासून दर पंधरा मिनिटांनी पाटी कोरी. कोमातून माणूस टुणकन उठून बसतो, हेही तिथलंच. प्रत्यक्षात दादाने डोळे उघडले त्यानंतर कितीतरी दिवस तो वॉर्डला स्टोअर्स समजून नर्सकडे चलन मागत होता.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच की अल्झायमरवरच्या फिल्म, त्या कितीही सुंदर असल्या तरी, आईसाठी वापरू नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' माझा अतिशय लाडका सिनेमा आहे. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि त्यांनी त्यात केलेला विस्मरणात हरवत जाणारा संस्कृतचा पंडित, तो हत्तीच्या मागे चालत निघतो ते सगळंच. पण तो पाहून तुमचे मामा आईला विचारणार, 'ताई, मी कोण सांग बरं?' आणि तुमच्या आईला मामा कोण ते पक्कं ठाऊक असणार, फक्त 'दत्तू' हा शब्द तोंडात येणार नाही. समोरचा मान हलवणार, 'नाही हो, विसरल्या सगळं.' तिला काय वाटेल याची कल्पना करा. 'लेट आफ्टरनून' या आयरिश फिल्मचंही तेच. चहा-बिस्किटापासून सुरू होते आणि दहाएक मिनिटांत पाहणाऱ्याला हलवून सोडते. स्वतःसाठी बघा, रविवारी दुपारी. आईच्या पाहुण्यांना नको.

तुमच्या वर्णनावरून आईचं जे झालंय त्याला मराठीत वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतील. भाषेचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं आणि डावी बाजू शरीराच्या उजव्या अंगाला सांभाळते, म्हणून उजवा हात-पाय आणि बोलणं बरेचदा एकदमच जातात. विचार असतो, माणूस ओळखू येतो, राग-लोभ शाबूत असतो, शब्द हाती लागत नाही. काहींना समोरच्याचं लांबलचक बोलणं पकडतानाही त्रास होतो, त्यामुळे ओरडून काही फायदा नाही, सावकाश आणि छोट्या वाक्यात बोलण्याने होतो. १८६१मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता, त्याला 'तां' एवढंच म्हणता यायचं. हॉस्पिटलात त्याचं नावच तां पडलं होतं. पण फार चिडला की मात्र त्याच्या तोंडून अख्खी शिवी बाहेर पडायची.

हे शिवीचं लक्षात ठेवा, कारण इथेच नातेवाईक घसरतात. दादाला थेरपीला न्यायचो तिथे एक काका यायचे. त्यांना 'पाणी' म्हणता यायचं नाही, बोट दाखवायचे आणि घाम फुटायचा. पण थेरपिस्ट बाईंनी 'सुखकर्ता दुखहर्ता'चा सूर धरला की काका खणखणीत आवाजात शेवटपर्यंत म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पाठ झालेलं, सुरातलं, रागातलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. बाहेर बाकावर बसलेली त्यांची सून मात्र मला म्हणाली, 'आरती म्हणता येते, मग पाणी मागायला काय होतं?' मुद्दाम करतात, असं तिला मनापासून वाटत होतं. वाईट नव्हती ती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या सुनेसाठी मी जी फिल्म निवडली असती तीच तुम्हाला सुचवतो, 'अफेजिया'. कार्ल मॅकइंटायर हा अमेरिकन नट. २००५मध्ये त्याला स्ट्रोक झाला आणि बोलण्यावर पोट असलेल्या माणसाची वाचाच गेली. फिल्म त्याच्याच गोष्टीवर आहे आणि त्याची भूमिका त्यानेच केलीय. म्हणजे आपण जे अडखळणं बघतो ते वठवलेलं आणि खरं, दोन्ही आहे. इंग्रजीत आहे, म्हणून ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही, कुणी उघडणारही नाही. दोन-तीन जवळच्या माणसांना घरी बोलवा, मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगा, आणि आईची हरकत नसेल तर तिलाही शेजारी बसवा. ती कुठे मान हलवते ते नातेवाईकांना पाहू दे. माझ्या मते फिल्मपेक्षा त्याचाच परिणाम जास्त होईल. स्वतःसाठी आणखी एक, मोठी आहे पण: 'माय ब्यूटिफुल ब्रोकन ब्रेन'. लंडनच्या लोत्ये सोडरलंडला २०११मध्ये, चौतिसाव्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव झाला आणि थोड्याच दिवसांत तिने फोनवर स्वतःचं चित्रण सुरू केलं. तिला जग कसं दिसत होतं, ऐकू येत होतं, ते त्यात पडद्यावर आणायचा प्रयत्न आहे.

ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर स्ट्रोक ओळखण्याची एखादी मिनिटभराची फिल्म टाका. तोंड वाकडं, हात वर राहत नाही, बोलणं बोबडं, यातलं काही अचानक दिसलं की तडक मोठं हॉस्पिटल, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते फॉरवर्ड करण्याजोगं आहे. पण स्ट्रोकनंतर चार महिन्यांनी घरात काय चालतं, हे फॉरवर्डने कुणाला कळलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे शेवटी जी फिल्म चालली ती माझ्या मुलीने केली. तेव्हा ती अकरावीत होती. तिला काकाचा चहा शूट करायचा होता. दादा हो म्हणाला. मोबाइल फ्रिजवर ठेवून तिने एका दमात अकरा मिनिटं शूट केलं. दादा पातेल्यात पाणी घालतो, चहाचा डबा हातात घेतो, कुकरची शिट्टी होते, हात थांबतो, डबा खाली, पुन्हा पाणी. तीनदा पाणी पडलं. मग दूध घातलं आणि ते उतू गेलं. पाहून झाल्यावर दादा म्हणाला, 'उतू गेलेलं काढ.' मुलगी हटून बसली, तोच तर मुद्दा आहे म्हणे. वहिनीने निकाल दिला, फिल्ममध्ये चेहरा त्याचा आहे, तो म्हणेल तसं. काढलं. मग ती फिल्म इतकी गुळगुळीत झाली की आत्याने पाहिली आणि म्हणाली, 'झाला की चहा. छान केलास हो.'

मुलीने हार मानली नाही. कुकरची शिट्टी झाली की नेमकं काय होतं, असं तिने काकाला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. त्याला सुरुवात करायला वेळ लागतो, आणि ती कारटी चक्क थांबली, मी असतो तर मध्ये बोललो असतो. मग तो म्हणाला, 'सगळे आवाज एकाच मापाचे येतात.' स्टोअर्सवालाच तो. तिने मग तेच केलं. पंखा, नळ, शिट्टी, हॉलमधली मालिका, वाजणारा फोन, 'साखर कुठे ठेवलीत?' हा वहिनीचा आवाज, सगळं एकाच पट्टीत, एकावर एक. फिल्म चार मिनिटांवर आणली. दूध उतू जात नाही, कुणी रडत नाही, संगीत नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी काही न सांगता ती लावली. दोन मिनिटं झाली नसतील, आत्या म्हणाली, 'अगं, आवाज कमी कर गं, डोकं उठलं माझं.'

वहिनी पानं वाढत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. 'त्यांचं सकाळी आठपासून असंच असतं,' एवढंच म्हणाली.

तुम्हालाही आईवर अशी काही करायची असेल तर शब्दासाठी झगडतानाचा तिचा चेहरा शूट करू नका. तो पाहून लोक हळहळतील, शिकणार काही नाहीत. त्यापेक्षा तिच्याशी बोलायचं कसं ते दाखवा. टीव्ही बंद. समोर बसून, डोळ्यांना डोळा देऊन. 'काय घेणार?' असं न विचारता चहाचा कप आणि ताकाचा पेला दोन्ही समोर धरलेत, आणि ती बोट दाखवतेय. शब्द ओठावर आलेला दिसला तरी पाहुणा तो पूर्ण करून टाकत नाही, दहा सेकंद थांबतो. ते दहा सेकंद कापू नका, पडद्यावर फार लांब वाटतात, वाटू द्या. आणि तयार झाल्यावर आधी तिला एकटीला दाखवा. बोलता येत नसलं तरी 'नको' म्हणायला मान पुरते.

फार मोठी आशा मात्र ठेवू नका. आत्या आली की हल्ली स्वतः टीव्ही बंद करते, दादाशी बोलताना स्वयंपाकघरातल्यांना गप्प करते. पण भाऊबीजेची ती बारा मिनिटं तिच्या डोक्यातून काही गेलेली नाहीत. परवाही दारातून आत आल्या आल्या विचारलंच, 'मला ओळखलंस ना रे?'

दादाने नेहमीसारखा वेळ घेतला आणि म्हणाला, 'तू आत्या. मागच्या वेळीपण तूच होतीस.'