एक्स-रे चांगला आहे, मग दुखतं कुठून?

प्रश्न : माझं वय ६४. आठ महिन्यांपूर्वी उजव्या खुब्याचा सांधा बदलला. पूर्ण सांधा, सिमेंट न वापरता. ऑपरेशनआधी रात्ररात्र झोप नसायची, ते दुखणं गेलं. पण जांघेत एक वेगळीच कळ मागे राहिली आहे. सपाटीवर अर्धा तास चालतो, काही होत नाही. जिना चढताना आणि गाडीत बसताना मात्र पाय उचलवत नाही. पँटचं कापड चिमटीत धरून हातानेच पाय आत घ्यावा लागतो. सर्जननी दोनदा एक्स-रे काढला आणि म्हणाले, ‘झकास बसलाय, दुखायचं काही कारण नाही.’ आता घरात सगळ्यांना वाटतं, मी दुखणं कुरवाळत बसलोय. मलाही शंका यायला लागली आहे. हे मनाचे खेळ असतील का? आणि अजून किती दिवस वाट बघायची?

उत्तर : कापड चिमटीत धरण्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य दोन्ही एक्स-रेंपेक्षा जास्त बोलतं. तीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. जिना चढताना पँट किंवा साडी मांडीपाशी धरून पाय वर ओढणारी माणसं मला लांबूनच ओळखू येतात.

मनाचे खेळ नाहीत. एक्स-रेत हाड दिसतं, धातू दिसतो. स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), नसा दिसत नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ याचा अर्थ सांधा जागेवर आहे, एवढाच. तुम्ही विचारलं होतं ‘का दुखतं?’ आणि उत्तर मिळालं ‘बसलाय कसा?’ याचं. आणि एकटे पडला आहात असंही समजू नका. वेगवेगळ्या पाहण्या एकत्र मांडल्या तेव्हा खुबा बदललेल्यांपैकी ७ ते २३ टक्के लोकांनी बऱ्याच काळानंतरही दुखतंय असं सांगितलं होतं. ऑपरेशन उत्तमच आहे, पण प्रत्येकाचं सगळं दुखणं त्याने जातं असं नाही. हे आधी सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी घाईत राहून जातं.

आता तुमची जांघ. कमरेच्या मणक्यांपासून सोआस नावाचा एक दणकट स्नायू निघतो, जांघेतून पुढे येतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने चिकटतो. मांडी वर उचलण्याचं मुख्य काम त्याचं. त्याचा टेंडन बरोबर नव्या वाटीच्या, म्हणजे कमरेच्या हाडात बसवलेल्या खोबणीच्या, पुढच्या कडेवरून जातो. ती कड हाडाच्या बाहेर थोडीशी जरी डोकावली, तरी विहिरीच्या काठावर दोर घासावा तसा टेंडन तिच्यावर घासत राहतो. सपाटीवर चालताना मांडी फार उचलावी लागत नाही, म्हणून तिथे काही होत नाही. पायरी, गाडी, खुर्चीतून उठणं, मोजे घालणं, इथे मात्र कळ येते. तुमचं वर्णन या चित्रात चपखल बसतं. पत्रावरून निदान करत नाहीये, पण सर्जनसमोर हा संशय नाव घेऊन ठेवा : ‘वाटीच्या कडेला सोआसचा टेंडन घासतोय का?’

घरी एक करून बघा. पाठीवर झोपा आणि पाय सरळ ठेवून वीतभर उचला. मग पाय अगदी सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो तेवढाच उचलू द्या. गुडघा छातीकडे दाबायचा नाही, वीतभरच. स्वतः उचलताना कळ आणि दुसऱ्याने उचलताना नाही, असं झालं तर सांध्यापेक्षा पाय उचलणाऱ्या दोरीवर संशय जातो. समोरून काढलेल्या एक्स-रेत वाटीची पुढची कड नीट दिसत नाही. ती बाजूने काढलेल्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसते. शिवाय सोनोग्राफीत बघत टेंडनजवळ बधिरतेचं इंजेक्शन देतात. त्यानंतर थोड्या वेळात पाय हाताशिवाय वर गेला, की गुन्हेगार सापडला.

पण त्या सुईच्या आधी दोन गोष्टी निकालात काढायच्या आणि यात माझा हट्ट आहे. पहिली इन्फेक्शन. प्रत्येक इन्फेक्शनमध्ये ताप येतो आणि जखम वाहते असं नाही; काही अगदी गुपचूप असतात. त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या दोन साध्या तपासण्या करतात. ऑपरेशनमुळे वाढलेला सीआरपी आठ महिन्यांत कधीच खाली यायला हवा. तो वाढलेला असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. त्याआधी ‘बघू या घेऊन’ म्हणून कुणी अँटिबायोटिक दिलं तर घेऊ नका, कारण मग त्या पाण्यात जंतू सापडणं अवघड होतं. दुसरी गोष्ट सांधा सैल असणं किंवा हाडाने त्याला नीट न धरणं. त्याची खूण अशी : खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं दुखतात, मग बरं वाटतं, आणि हे रोज होतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण आठवडाभर लक्ष ठेवा. आणि एक आठवून ठेवा, सर्जन विचारतीलच : ऑपरेशननंतर मधे काही काळ अजिबात न दुखण्याचा गेला होता का, की पहिल्या दिवसापासून हे आहेच?

जागाही एका बोटाने दाखवायची. ‘इथे सगळीकडे’ म्हणून तळहात फिरवला की समोरच्याला काही कळत नाही. बोट जांघेत गेलं तर वाटी किंवा हा टेंडन. मांडीच्या मध्यावर गेलं तर नव्या सांध्याचा मांडीच्या हाडात बसवलेला दांडा. सिमेंट न वापरलेल्या दांड्याभोवती मांडी ठणकते आणि कधीकधी ती शांत व्हायला दोन वर्षंही जातात. बोट मागे कुल्ल्यावर जाऊन गुडघ्याखाली उतरलं, तर आधी कंबर तपासा. बऱ्याच जणांचे खुबा आणि मणके बरोबरीने झिजलेले असतात आणि ऑपरेशन एकाचंच झालेलं असतं.

माझं बोट बाहेरच्या बाजूला जायचं, कुशीवर झोपलं की टेकतं त्या हाडावर. हो, सहा वर्षांपूर्वी माझाच डावा खुबा बदलला. दुखणं त्या हाडाला चिकटलेल्या, कुल्ल्यातल्या स्नायूंच्या टेंडनचं होतं. डाव्या पायावर भार आला की ओटीपोट उजवीकडे कलायचं, आणि मी महिनोन्‌महिने काठी डाव्या हातात धरून फिरले. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे मी शेकडो माणसांना शिकवलंय! शेवटी माझ्याच एका विद्यार्थिनीने, जरा घाबरतच, ‘मॅडम, हात बदला’ म्हणून सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी दुखणं निम्मं झालं. पुढे टेबल धरून डाव्या पायावर उभं राहायला सुरुवात केली, तेव्हा चार सेकंद जमायचं. तीस सेकंदांवर यायला पाच महिने लागले. मधले दोन आठवडे तर काहीच फरक नव्हता आणि मी घरात सगळ्यांवर वसवस करत होते.

तुम्ही आजपासून एक व्यायाम बंद करा. व्यायामाच्या कागदावर ‘पाय सरळ ठेवून वर उचला’ असेल आणि तुम्ही तो सकाळ-संध्याकाळ पन्नास-पन्नास वेळा करत असाल, तर चिडलेल्या टेंडनला तुम्ही रोज शंभर वेळा चिमटे काढताय. त्याऐवजी कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू घट्ट करणारे व्यायाम फिजिओकडून बसवून घ्या. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं नाही तर डोस जास्त झाला, कमी करा.

गाडीत पाय आधी घालूच नका. सीटकडे पाठ करून उभं राहायचं, आधी बसायचं, मग अंग जरा मागे टेकवून दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की बूड सरकतं. गाडी सुरू व्हायच्या आधी ती काढून टाका. सीट खोल असेल तर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

किती वाट बघायची? सुधारणा वर्षभर, काहींची त्याहून जास्त चालते, पण मी महिने मोजत नाही, दिशा बघते. तिसऱ्या महिन्यापेक्षा आठव्या महिन्यात थोडं जरी बरं असेल तर धीर धरण्यात अर्थ आहे. जिथल्या तिथे असेल तर वर वाचलेल्या तपासण्या आत्ताच करून घ्या. वाढत असेल, बसल्याजागी किंवा रात्री ठणकत असेल, जखम लाल झाली किंवा वाहू लागली असेल, तर याच आठवड्यात. टेंडनच निघाला तर व्यायामाने आणि इंजेक्शनने बऱ्याच जणांचं भागतं; नाही भागलं तर टेंडन सोडवण्याचं छोटं ऑपरेशन असतं, आणि कड फारच बाहेर असेल तर वाटी बदलण्याचा विचार करतात. सर्जन ऐकूनच घेत नसतील तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

प्रश्न : आईचं (वय ७१) खुब्याचं ऑपरेशन पुढच्या बाजूने केलं. चार महिने झाले. मांडीचा बाहेरचा भाग बधिर आहे आणि चादर लागली तरी चटका बसल्यासारखं होतं. पेनकिलरचा उपयोग होत नाही.

उत्तर : पुढून केलेल्या ऑपरेशनमध्ये मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस ताणली जाऊ शकते. ती फक्त स्पर्शाची नस आहे, पायाच्या ताकदीशी तिचा संबंध नाही. बधिरपणा बहुतेकांचा महिन्यांच्या हिशेबाने कमी होत जातो, एखादा पट्टा मात्र कायमचा राहू शकतो. असा चटका साध्या पेनकिलरला दाद देत नाही. त्यासाठी नसांवरची वेगळी औषधं असतात. त्यांनी गुंगी आणि चक्कर येऊ शकते, म्हणून आईंच्या वयात डॉक्टर अगदी कमी डोसने सुरुवात करतात. पहिले काही दिवस रात्री बाथरूमला उठताना त्यांना एकटं सोडू नका. दिवसातून दोन-तीनदा आधी मऊ कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल त्या जागेवरून हलकेच फिरवा. कातडीला स्पर्शाची पुन्हा सवय होते. पाऊल वर उचलता येत नसेल किंवा चालताना चवडा घासत असेल, तर मात्र ही ती नस नव्हे. तेव्हा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.