टोळीतल्या पोरांना शिकवायचंय

प्रश्न : काकू, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी मावसबहीण शिकागोत असते. तिथल्या पिल्सन भागातल्या मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांचा ती दर शनिवारी अभ्यास घेते, फुकट. आमच्या गावाबाहेर आता ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात. तिथल्या मुलांना शिकवावंसं वाटतं, पण ती मार्चमध्ये निघून जाणार. एवढ्यात काय होणार?
— एक वाचक, कऱ्हाड तालुका

उत्तर : अगं, नोव्हेंबर ते मार्च म्हणजे शाळेचं जवळजवळ अख्खं दुसरं सत्र. तेच तर या पोरांचं दरवर्षी बुडतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा हंगामात अशी पोरं वर्गात येऊन बसायची.

आधी मुकादमाला विचार, टोळी बैलगाडीवाली की ट्रकवाली. बैलगाडीवाले बहुतेक हंगामभर कारखान्याजवळच राहतात. ट्रकवाल्या टोळ्या उसाचा फड तोडून संपला की पुढच्या गावाला हलतात, तिथं तुझं वेळापत्रक कोलमडणार. मग आयांशी बोल. शनिवार सकाळ डोक्यातून काढ. आईबाप पहाटेच फडात जातात आणि दहा वर्षांची पोरगी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळते. तिला वेळ कधी, ते तिची आईच सांगेल. धाकट्यालाही येऊ दे, नाहीतर ती येणारच नाही. अंधार पडल्यावर जायचं झालं तर मैत्रीण बरोबर हवी.

जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही भेट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, की लांबवता येत नाही. तुझ्या बहिणीच्या देशात कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी असाच निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. पण मुलाचा हात धरून शाळेत नेणारं माणूस लागतं, दोन्हीकडे. ते तू हो. दिवसा शाळा आणि नंतर तू, असं जमलं तर उत्तम.

शिकवायचं काय? पाढ्यांनी सुरुवात करू नकोस. वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, जनावरांना चारा म्हणून विकतात) किती पेंढ्या बांधल्या, किती विकल्या, किती पैसे आले, हा हिशेब पोरं तोंडी फटाफट करतात. तोच वहीत मांडला की गप्प होतात. तिथूनच धर. काहींच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, त्यांचं पुस्तकी मराठी अडखळलं तर हसू नकोस, हसूही देऊ नकोस. पंचवीस जणांचा वर्ग भरवण्यापेक्षा तीन-चार पोरं धर, पण ठरल्या वारी जाच. परीक्षा आली म्हणून तू दोन आठवडे गायब झालीस तर पोरं पुन्हा जमायची नाहीत. आणि खाऊ वाटून फोटो काढणारे दर हंगामात येतात (मला त्यांचा मनापासून राग आहे), त्यातली होऊ नकोस.

टोळी उठायच्या आधी प्रत्येक मुलाच्या गावच्या शाळेचं नाव आणि वडिलांचा फोन नंबर लिहून घे. इथल्या मुख्याध्यापकांकडून हजेरीचा कागद मागून मुलाच्या आईकडे दे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की फोन लाव आणि पोरगं वर्गात बसलं का, ते विचार.