विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास : पंपचालकाच्या ‘तडजोडी’वर सही करावी का?

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी : आपल्या विहिरीला लागून पेट्रोल पंप आहे. पावसाळ्यानंतर पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि त्यावर रंगीत तवंग दिसू लागला. चालक म्हणतो टाकी तेल कंपनीची आहे, तर कंपनी म्हणते देखभाल चालकाकडे आहे. आता चालक जुनी टाकी काढून नवी बसवायला आणि आपल्याला ठोक रक्कम द्यायला तयार झाला असून, ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर आपली सही मागत आहे.

माझे मत स्पष्ट आहे : या मजकुरावर सही करू नये. टाकी बदलल्याने गळती थांबेल, पण जमिनीत मुरलेले पेट्रोल तिथेच राहील. पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलाच्या पातळीवर तरंगते, पातळी वरखाली होईल तसे मातीच्या नव्या थरांना माखते, आणि त्यातील बेंझीनसारखे घटक विरघळून प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकत राहतात. बेंझीन कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील त्याचे मार्गदर्शक प्रमाण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम इतके अल्प ठेवले आहे. म्हणून वास गेला याचा अर्थ पाणी निर्धोक झाले असा होत नाही, आणि पाणी उकळणे हा उपाय नाही, कारण बेंझीनची वाफ घरात पसरते. हे पाणी पिण्या-स्वयंपाकासाठी आजच बंद करावे. विहिरीत डोकावताना जवळ विडी, दिवा किंवा काडी नसावी. उपसा करून विहीर ‘धुऊन काढण्याचा’ सल्ला कोणी दिला तर तोही मानू नये. जोरदार उपशाने दूषित पाणी आपल्याच दिशेने ओढले जाते.

आता पुराव्याकडे वळू, कारण प्रकरण इथेच उभे राहते किंवा पडते. तवंगाचे फोटो पुरेसे नाहीत. लोहयुक्त पाण्यातील जिवाणूंचाही असाच रंगीत पापुद्रा तयार होतो. काडीने ढवळल्यावर त्या पापुद्र्याचे तुकडे होतात आणि पेट्रोलचा तवंग पुन्हा एकसंध होतो, पण ही घरची परीक्षा झाली, पुरावा नव्हे. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घ्यावा : काचेची छोटी कुपी काठोकाठ, आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरून लगेच बर्फात ठेवावी लागते. प्लॅस्टिकच्या अर्ध्या बाटलीतून बेंझीन उडून जाते आणि अहवाल निर्दोष येतो. सोबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार देऊन मंडळानेही नमुने घ्यावेत अशी मागणी करावी. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात भूगर्भातील पाण्याचाही समावेश आहे, आणि कलम 33-अ खाली मंडळ पंपाला निर्देश देऊ शकते, प्रसंगी तो बंदही करू शकते. तक्रारीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि पंपाला परवाना देणाऱ्या, ‘पेसो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय संस्थेला पाठवावी. मंडळाचा अहवाल मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा.

सर्वांत तातडीची गोष्ट खड्ड्याची आहे. टाकी काढल्यावर खड्डा बुजवला की गळतीचा मूळ पुरावा मातीखाली जातो. म्हणून चालक आणि कंपनी या दोघांनाही वकिलामार्फत नोटीस द्यावी : मंडळाच्या प्रतिनिधीसमोर खड्ड्याच्या तळाचे व बाजूंचे मातीचे नमुने घेतल्याशिवाय तो भरू नये, आणि साठ्याच्या नोंदवह्या, रोजची डीप मोजणी (टाकीत पट्टी बुडवून घेतलेले साठ्याचे माप) व टाकीच्या चाचण्यांचे अहवाल जपून ठेवावेत. नोंदीतील साठा आणि विक्री यांचा मेळ बसत नसेल तर गळती कधीपासूनची आहे हे त्याच कागदांवरून दिसते.

मालकीचा वाद आपण सोडवत बसू नये. त्यांच्यातील करारनामा काय म्हणतो हा त्या दोघांचा प्रश्न आहे; आपण दोघांनाही पक्षकार करावे. दाद पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे मागावी, कारण न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्याच्या कलम 29 मुळे अशा दाव्यांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. मुदतीकडे मात्र लक्ष द्या : पर्यावरणाच्या वादाच्या निवाड्यासाठी कलम 14 खालील अर्ज वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, तर भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी कलम 15 खाली पाच वर्षे मिळतात, पुरेसे कारण असेल तर दोन्हींत जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत आहे. आपल्याला पहिला वास आला ती तारीख म्हणून महत्त्वाची आहे. ती आजच लिहून ठेवा. कलम 20 नुसार न्यायाधिकरणाला ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व लावावेच लागते. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळे नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये याच तत्त्वावर सफाईचा खर्च कारखान्यांवर टाकला होता.

तडजोडीला माझा विरोध नाही. खटल्यापेक्षा ती लवकर पाणी देऊ शकते. मात्र त्या कागदात कंपनीची सही हवी, निरीक्षण विहिरी खोदून दूषित पट्टा कुठवर गेला याची तपासणी हवी, माती व भूजलाच्या सफाईचा आराखडा मंडळाला सादर करण्याची अट हवी, सलग चाचण्यांत पाणी शुद्ध ठरेपर्यंत पर्यायी पाण्याची हमी हवी, आणि पुढे उघड होणाऱ्या नुकसानीबद्दलचा आपला हक्क शाबूत असल्याचे वाक्य हवे. यांतील एकही अट गाळायची झाली तर आधी मसुदा वकिलाला दाखवा, आणि तोवर ठोक रकमेचा धनादेश स्वीकारू नका.