वाचकांचे प्रश्न : कोर्टाने सोडलं, म्हणजे आरोप खोटे?

प्रश्न : अमेरिकेतला विनोदी अभिनेता बिल कॉस्बी याची लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातली शिक्षा वरच्या कोर्टाने रद्द केली. मग त्याच्यावरचे आरोप खोटेच होते, असं का म्हणू नये? (वाचक, सांगली)

शिक्षा कशामुळे रद्द झाली ते मथळ्यांत आलं नाही, घोळ तिथे आहे. कॉस्बीने गुंगीचं औषध देऊन अत्याचार केला, अशी पेनसिल्व्हेनिया राज्यात एका बाईंची तक्रार होती. तिच्यावर खटला भरणार नाही, असं जिल्हा सरकारी वकिलाने फेब्रुवारी 2005 मध्ये जाहीर केलं. तक्रारदार बाईंनी मग दिवाणी दावा लावला. तिथे एरवी आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला नकार देता येतो. पण फौजदारी कारवाईची भीतीच उरली नाही म्हटल्यावर कॉस्बीने शपथेवर जबानी दिली. ज्या स्त्रियांशी संबंध ठेवायचे त्यांना देण्यासाठी क्वालूड ही गुंगीची गोळी मिळवल्याचं त्यात त्याने कबूल केलं. जुलै 2015 मध्ये जबानीतला तो भाग खुला झाला. खटला भरण्याची 12 वर्षांची मुदत संपायला जेमतेम आठवडे उरलेले असताना, 30 डिसेंबरला त्याच कार्यालयाने आरोप ठेवले. 2017 मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही. एप्रिल 2018 मध्ये दुसऱ्या ज्युरीने तीन कलमांखाली त्याला दोषी ठरवलं आणि 3 ते 10 वर्षांची शिक्षा झाली.

30 जून 2021 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते इतकंच : सरकारी वकिलाच्या शब्दावर विसंबून दिलेली जबानी त्याच माणसाविरुद्ध वापरून खटला चालवणं अन्याय्य आहे, म्हणून दोषसिद्धी रद्द, आणि पुन्हा खटलाही नाही. बाई खोटं बोलल्या, असं न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही. आज कॉस्बीला ‘दोषी गुन्हेगार’ लिहिणं चूक आहे (सगळे आरोप त्याने नाकारलेत), आणि ‘आरोप खोटे ठरले’ हेही तितकंच चूक. जून 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दिवाणी ज्युरीने 1975 च्या एका प्रकरणात त्याला जबाबदार धरून 5 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली, ही बातमी मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी वाचली. दिवाणी दाव्यात ‘संशयातीत’ पुरावा लागत नाही, एक बाजू अधिक संभवनीय वाटली तरी पुरतं, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : पैसे घेऊन तडजोड केली की तक्रारीत दम नव्हता हे उघड होत नाही का? (वाचक, ठाणे)

नाही. पण उलट निष्कर्षही निघत नाही. पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल केला, असं कायदा मानत नाही. अशा वेळी आकड्यापेक्षा क्रम बघा. कॉस्बी प्रकरणात जानेवारी 2005 मध्ये पोलिसांत तक्रार, फेब्रुवारीत खटल्याला नकार, मार्चमध्ये दावा, 2006 मध्ये सुमारे 34 लाख डॉलरची तडजोड. पैशांसाठीच सगळं केलं, हा बचाव वकिलांनी 2018 च्या ज्युरीपुढे याच रकमेसह मांडला होता. ज्युरीला तो पटला नाही.

प्रश्न : इतकी वर्षं गप्प, आणि मग सगळ्या एकदम कशा बोलायला लागतात? (वाचक, बेळगाव)

बऱ्याचदा त्या गप्प नसतातच, वेगवेगळ्या टेबलांवर अडकलेल्या असतात. ब्रिटिश टीव्हीवरचा निवेदक जिमी सॅव्हिल 2011 मध्ये वारला. त्याच्या हयातीत, 2007 ते 2009 या काळात, पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या एकाहून जास्त तक्रारी पोचल्या होत्या. इतरांनीही तक्रार केली आहे हे त्या स्त्रियांना सांगितलंच गेलं नाही. एकेकटीला खटल्यात उतरायचं धाडस झालं नाही आणि कारवाई थांबली. वेगळ्या तऱ्हेने हाताळलं असतं तर खटला उभा राहू शकला असता, असा निष्कर्ष 2013 मध्ये सरकारी वकील कार्यालयाच्याच अहवालाने काढला. ऑक्टोबर 2012 मध्ये त्याच्या अत्याचारांवर एक टीव्ही कार्यक्रम झाला आणि शेकडो लोक पुढे आले.

तरी शंका घ्यायला हवीच, पण ती तपासता येईल अशा गोष्टींवर घ्या. त्या दिवशी दोघं तिथे होती का? तिने तेव्हा कुणाला सांगितलं होतं, आणि त्या व्यक्तीशी बातमीदार स्वतः बोलला का? ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाने 2014 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची बातमी छापली ती इथेच फसली. त्या रात्री भेटलेल्या मित्रांना कुणी विचारलंच नव्हतं. एप्रिल 2015 मध्ये ती मागे घ्यावी लागली.

प्रश्न : आपल्याकडे पोलिसांनी ‘बी समरी’ दिली की आरोप झालेला अभिनेता सुटला असं समजायचं का? (वाचक, पुणे)

थांबा. ‘बी समरी’ म्हणजे तक्रार खोटी आहे असं पोलिसांचं मत, निकाल नव्हे. ‘सी समरी’त तक्रार खरी वा खोटी ठरत नाही किंवा ती गैरसमजातून झाली असं म्हटलेलं असतं. दोन्हींवर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रारदाराला विरोध अर्ज करता येतो, आणि ते पुढचा तपास करायलाही सांगू शकतात. बातमी तक्रारीच्या मुदतीबद्दल असेल तर कलम बघा : कमाल 3 वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल साधारण 3 वर्षांतच घेता येते, उशीर माफ करण्याची तरतूद असली तरी. मुदतीवर तक्रार फेटाळली म्हणजे पुरावा तपासलाच गेला नाही. बलात्काराला अशी मुदत नाही. मात्र त्या तक्रारीत स्त्रीची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.