घरबसल्या पैसे मिळाले तर भातलावणीला कोण येणार?

सर्वांना, अट न घालता, दरमहा ठरावीक रक्कम (म्हणजेच मूलभूत उत्पन्न) द्यावी का, या विषयावर कोकणातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले आणि लावणीला बायका मिळेनाशा झाल्या. उद्या प्रत्येकाला असे पैसे दिले तर शेत लावायचे कुणी? (भातशेती व आंबा बागायत, राजापूर तालुका)

आधी हिशेब करू. लावणीचा रोज समजा 400 रुपये. दीड हजार म्हणजे पावणेचार दिवसांची मजुरी, तीही महिन्यातून एकदा. तेवढ्यावर कुणी तीस दिवस घरी बसत नाही, फार तर दोन-तीन रोज कमी भरतात. पण तरवा (लावायची भाताची रोपे) तयार झाला आणि पाऊस लागला की सगळ्या वाडीला माणसे त्याच आठ-दहा दिवसांत हवी असतात. तेव्हा दहातल्या दोघी आल्या नाहीत तरी खाचर पडून राहते आणि दोष दीड हजारावर जातो.

टंचाई मात्र जुनी आहे. योजना आली जुलै 2024 मध्ये. 2001 ते 2011 या काळातच रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला. आंब्याच्या राखणीला नेपाळी गडी आले तेही या योजनेच्या कितीतरी आधी.

तरीही परिणाम काहीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. हातात पैसा आला की आधी सुटते ते नाइलाजाने धरलेले काम : किराण्याची उधारी फेडायला जायचे ते, उचल घेतली म्हणून कमी रोजावर करायचे ते. मध्य प्रदेशात 2011 पासून ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत अशी बिनशर्त रक्कम देऊन पाहिली. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिना 200 आणि मुलाला 100 रुपये, पुढे 300 आणि 150. लोक आळशी झाले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या तुकड्यात राबू लागले, शेळी-कोंबडी घेऊ लागले. म्हणजे गावातले एकूण काम घटले नाही, पण मजूर शोधणाऱ्याला ते घटल्यासारखेच दिसले. तुमची तक्रार खरी आहे, कारण मात्र आळस नव्हे.

मग करायचे काय? रोज वाढवणे हे एक. दुसरे म्हणजे सकाळी आठ ते एक असा अर्धा रोज ठेवून पाहा. घरचे आवरून पाच तास येऊ शकणाऱ्या बायका पूर्ण दिवसाला येत नाहीत. लावणीयंत्र आणायचा विचार असेल तर नेहमीचा तरवा त्यात चालत नाही. रोपे चटईवर वाढवून कोवळी असतानाच लावावी लागतात, आणि डोंगरउताराच्या चिंचोळ्या खाचरात यंत्र वळवता वळवता जीव जातो.

प्रश्न : लाडकी बहीण म्हणजे मूलभूत उत्पन्नच नाही का? (विद्यार्थिनी, कुडाळ)

नाही. मूलभूत उत्पन्न प्रत्येक व्यक्तीला, तेही अटीशिवाय. या योजनेत स्त्री हवी, वय 21 ते 65 हवे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी घरात नको.

कामावरचा परिणाम खरा इथे कळतो. समजा एका घराचे उत्पन्न 2 लाख 45 हजार आहे. पर्यटनाच्या हंगामात घरगुती खानावळ चालवून त्या बाईने आणखी 10 हजार कमावले तर उत्पन्न मर्यादेपलीकडे जाते आणि वर्षाचे 18 हजार बंद होतात. जास्त काम करून घर 8 हजारांनी खाली. मग एकतर ती खानावळ चालवत नाही, नाहीतर कमाई दाखवत नाही. आंबे वाहायला टेम्पो घ्यायचा तरी हाच पेच. सरसकट रकमेत ही कडाच नसते, कमावलेला रुपया खिशात राहतो. फिनलंडमध्ये 2017-18 मध्ये 2,000 बेरोजगारांना महिना 560 युरो दिले आणि नोकरी लागली तरी ते चालू ठेवले. त्या लोकांनी इतर बेरोजगारांपेक्षा वर्षाला सरासरी सहा दिवस जास्त काम केले. आकडा लहान आहे, पण भीती होती त्याच्या उलट दिशेचा.

उलट अनुभवही सांगायला हवा. अमेरिकेत 1,000 लोकांना तीन वर्षे महिना 1,000 डॉलर दिले. त्यांचे काम आठवड्याला तासाभराहून थोडे अधिक घटले. रक्कम मोठी असेल तर थोडी विश्रांती विकत घेतली जातेच.

प्रश्न : खर्च किती येईल? (निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण)

2011 ची लोकसंख्या धरून, माणशी महिना 1,000 रुपयांनी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे मिळून वर्षाला सुमारे 2,958 कोटी. अख्ख्या महाराष्ट्राचे 1 लाख 35 हजार कोटी. केंद्राच्या 2016-17 च्या आर्थिक पाहणीत माणशी वर्षाला 7,620 रुपये धरून आणि पाऊण लोकसंख्येला देऊन देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 4.9 टक्के खर्च मांडला होता. त्यासाठी कोणती अनुदाने बंद करायची, हा खरा वाद. रेशनचा तांदूळ काढून रोख द्यायची कल्पना आम्हाला धोक्याची वाटते. दुकानातला भाव चढला की रोख रक्कम तेवढीच राहते, तांदूळ मात्र कमी येतो.

प्रश्न : खलाशी टिकतील का? (मच्छीमार बोट मालक, हर्णै)

मासेमारीबंदीचे जून-जुलै महिने हाच खलाशाच्या उचलीचा काळ. त्या दोन महिन्यांत घरात थोडा पैसा आला तर उचल कमी लागेल, आणि उचलीने बांधलेला खलाशी दुसरी बोट निवडायला मोकळा होईल. मालकाला हे जड जाईल, लपवण्यात अर्थ नाही. अलास्का हाही मासेमारीचा किनारा. तिथे 1982 पासून तेलाच्या निधीतून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी लाभांश मिळतो (2022 मध्ये 3,284 डॉलर, 2024 मध्ये 1,702). एकूण रोजगार घटल्याचे आढळले नाही, अर्धवेळ काम करणारे मात्र वाढले. बोटीवर अर्धवेळ खलाशी चालत नाही, हा तुमचा मुद्दा राहतोच.

प्रश्न : आई काजू फोडते. अंगठा उमटत नाही म्हणून पैसे काढता येत नाहीत. असे पैसे सगळ्यांना देऊन उपयोग काय? (वेंगुर्ला)

टरफलातले तेल कातडी जाळते आणि ठशाच्या रेषा बुजवते. राख किंवा खोबरेल लावले तरी थोडेफार होतेच. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यातले कुठलेही चालते. सुरी किंवा अडकित्ता ज्या हातात असतो त्याच्या दुसऱ्या हाताची करंगळी, अनामिका लावून पाहा. बोटे साबणाने धुऊन कोरडी करून. तरीही नाही जमले तर बँकेत पासबुक नेऊन पैसे काढायच्या पावतीवर सही करून घ्या, किंवा एटीएम कार्ड मागा. हंगाम संपून कातडी भरली की आधार केंद्रात ठसे नव्याने द्या.

पैसे आलेच नाहीत असे वाटले तर आधी हे तपासा : सरकारी रक्कम आधार ज्या खात्याला शेवटचे जोडले त्याच खात्यात जाते. मध्ये कधी दुसऱ्या बँकेत खाते उघडून तिथे आधार जोडले असेल, तर पैसे त्या विसरलेल्या पासबुकात पडून असतील.