स्लाइडआउटच्या डोक्यावर खोळ घालावी का?

फिरतं घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर) : नमस्कार दादा. गेल्या वर्षी मिनीबसच्या चेसिसवर कॅराव्हॅन करून घेतली, पासिंग वगैरे सगळं रीतसर झालंय. डाव्या बाजूला 8 फूट लांबीचं स्लाइडआउट आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी पेटी, 3 फूट बाहेर येते, आत पलंग. गाडी घरामागं जांभळाखाली उभी असते, त्यामुळं स्लाइडआउटच्या छतावर पानं, काटक्या, जांभळं, पाखरांची शिट सगळं पडतं आणि पेटी आत घेताना थोडं थोडं पलंगावर येतंच. वरून गुंडाळणारं कापड लावायचं म्हणतोय. बॉडी बांधणारे म्हणाले पेटीच्या कडेनं फट बुजवायला डबल रबर दिलंय, काही गरज नाही. आमचे साडू म्हणतात लावल्याशिवाय पावसाळा काढूच नका. कुणाचं ऐकू?

उत्तर : दादा, साडूंचं ऐका, पण अर्धंच. कापड लावा, मात्र ते लावलं म्हणजे पावसाळ्याची काळजी मिटली असं धरून बसू नका, कारण पाणी अडवायचं काम त्या कापडाचं नाहीच, ते रबराचंच आहे. आपल्याकडं रोप लावताना बायका डोक्यावरून पोत्याची खोळ घेतात बघा, तसं हे. अंगावरची धार ती झेलते, पण वाऱ्यानं पाऊस आडवा आला की पदर भिजतोच. अमेरिकेत ह्याला स्लाइड टॉपर म्हणतात, मी आपली खोळच म्हणतो.

ती चालते कशी ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. कापडाची एक कड गाडीच्या भिंतीवर, स्लाइडआउटच्या तोंडाच्या वर, अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या खाचेत सरकवलेली असते, दुसरी कड एका नळीला, आणि ती नळी पेटीच्या बाहेरच्या टोकाला दोन ब्रॅकेटवर बसवलेली. नळीत स्प्रिंग. पेटी बाहेर गेली की कापड उलगडतं, आत आली की स्प्रिंग ते गुंडाळून घेते, ना मोटर ना बटण. दुकानाच्या शटरमध्ये असते तोच प्रकार आहे, म्हणून बेळगावात हे बसवून घेताना शटरवाला मिस्त्री सोबत घ्या, त्याला स्प्रिंग भरायची सवय असते. नुसता हौशी हात घालू नका, भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात, नळीची टोपी काढायच्या आधी लॉकपिन घालायलाच पाहिजे.

आता फायदा कुठं आहे. पेटी आत येताना वरचं रबर छत पुसत असतं, ओलं पान त्या रबराखाली दाबून आत जातं आणि काटकी आडवी आली तर रबरच फाटतं. खोळ असली की हा कचरा कापडावर राहतो, पेटीचं छत कोरडं राहतं, ऊनही कमी लागतं म्हणून रबर लवकर कडक होत नाही. जांभळाखाली गाडी लावणाऱ्याला हे एवढं कारण पुरेसं आहे.

पण तोटाही ह्यातच आहे आणि तो मी माझ्या गाडीवर भोगलाय. कणकुंबीला मुक्काम होता, रात्रभर झड, सकाळी निघायची गडबड, मी वर न बघताच बटण दाबलं. साचलेलं पाणी दोन्ही टोकांनी सांडलं, थोडं छतावर आलं, थोडं आत, गादीची कड भिजली, ती वाळवली आणि विषय विसरलो. खरी गोष्ट दोन महिन्यांनी कळली. पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात प्लायवर बशीएवढा काळा डाग आला होता, बोटानं दाबलं तर चहात बुडवलेल्या पावासारखं बोट आत गेलं. वर चढून कापड बाजूला केलं तर करंगळीएवढी एक काटकी, कापडाच्या बाजूच्या फटीतून कधीतरी आत शिरलेली, आणि तिनं वीतभर रबर चिरून ठेवलं होतं. खोळ नसती तर छत झाडताना ती पहिल्याच दिवशी दिसली असती. कापडानं कचरा झाकला तसं रबराचं दुखणंही झाकलं, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. तो प्लाय काढून नवीन घालायला पलंग सगळा खोलावा लागला.

म्हणून बॉडी बांधणाऱ्यांचंही अगदी चूक नाही, रबर चांगलं पाहिजेच. खोळ लावायच्या आधी रबराची परीक्षा करून घ्या. पेटी बंद करून चारी बाजूंनी रबरात कागदाची पट्टी अडकवा आणि ओढा, जिथं सहज सुटते तिथं रबर दबत नाही. मग पेटी बाहेर काढून एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी मारायचं, खालून सुरू करून हळूहळू वर, एकदम वरून मारलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. रबराला ऑइल, ग्रीस, रॉकेल काही लावू नका, त्यानं ते फुगतं, सिलिकॉनचा स्प्रे चालतो. आणि खोळ लावल्यावरही महिन्यातून एकदा शिडी लावून कापडाखाली हात घालून बघायचंच.

पाणी साचण्याचं म्हणाल तर हिशोब करून बघा. तुमची खोळ 8 बाय 3, म्हणजे 24 चौरस फूट, तिच्यावर सरासरी 2 इंच पाणी थांबलं तरी 100 लिटरच्या वर जातं, म्हणजे सिमेंटच्या दोन पिशव्या त्या कापडावर आणि त्या दोन ब्रॅकेटवर ठेवल्यासारखं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसाला 2 इंच काय मोठी गोष्ट. तेव्हा भिंतीवरची पट्टी होईल तितकी वर लावायला सांगा म्हणजे कापडाला उतार मिळेल, आणि उभी करताना पुढच्या किंवा मागच्या चाकाखाली फळी घालून गाडी किंचित कलती ठेवा म्हणजे पाणी एका टोकाला पळेल. काहीजण कापडाखाली मध्यभागी फोमचा गट्टू किंवा मोठा रबरी चेंडू ठेवून घराच्या आढ्यासारखा उंचवटा करतात, ते चांगलं काम करतं, पण आत घ्यायच्या आधी तो काढायला विसरलात तर कापड फाटतं नाहीतर पेटी अडकते, म्हणून बटणाजवळच चिठ्ठी चिकटवा.

बंद करायची पद्धत अशी ठेवा. आधी लांब दांड्याच्या मऊ केरसुणीनं कापड झाडा, खालून हातानं थोपटून पाणी टोकाकडं ढकला. मग पेटी फूटभर आत घ्या, थांबा, उरलेलं पाणी गळू द्या, आणखी फूटभर, परत थांबा. पाच मिनिटं जातात, पण प्लाय वाचतो. ओली गुंडाळली असेल तर पाऊस उघडल्याबरोबर परत बाहेर काढून वाळवा, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशीचे ठिपके पडतात आणि ते ठिपके नंतर कशानं जात नाहीत.

वाऱ्याचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. चोर्ल्याच्या अंगाला आषाढात वारा सुटतो तेव्हा कापड पत्र्यासारखं वाजायला लागतं, तसं वाजायला लागलं की वाट न बघता पेटी आत घ्यायची. आणि गाडी चालू असताना गुंडाळलेल्या कापडात वारा शिरून ते फुगून बाहेर येऊ शकतं, घाटात समोरून ट्रक येत असताना हे झालं तर काय होईल ते तुम्हीच बघा. नळीला प्रवासाचं लॉक असलेलीच घ्या, नसेल तर पट्ट्यानं आवळून बांधा.

एक गोष्ट बसवणारे सांगत नाहीत. पेटी बंद असतानाही ती नळी आणि ब्रॅकेट भिंतीच्या बाहेर दोन-चार इंच येतात. आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची एकूण रुंदी 2.6 मीटर ही हद्द आहे, आणि पासिंग झालेल्या गाडीत मनानं बदल करायला 1988 च्या कायद्यातलं 52 वं कलम आडवं येतं. तुमची बॉडी आधीच रुंद असेल तर टेप लावून मोजा आणि आरटीओत विचारूनच पुढं जा. शिवाय गळीत हंगामात संकेश्वर-निपाणीकडं ऊसाच्या ट्रॉल्या असतात, ओव्हरटेक करताना त्यातला एखादा बाहेर आलेला ऊस बरोबर त्या उंचीवर येतो. नळीवर अॅल्युमिनियमचं झाकण असलेली खोळ थोडी महाग पडते, पण आपल्या रस्त्यांना तीच घ्या.

आणि दादा, एक मनापासून सांगतो. जून ते सप्टेंबर गाडी जर घरामागं उभीच राहणार असेल तर पेटी बंद ठेवा आणि जमलं तर गाडीवर साधी पत्र्याची शेड घाला, तेही जांभळापासून चार हात लांब. खोळ मुक्कामासाठी आहे, चार महिने झड सोसायला नाही.

प्रश्न (अथणी) : आमच्याकडं पाऊस कमी, ऊन आणि धूळ जास्त. मग खोळ कशाला? आणि घ्यायचीच तर कुठलं कापड? निळी ताडपत्री शिवून घेतली तर चालेल का?

उत्तर : ताई, जिल्हा एकच पण खानापूर आणि अथणी म्हणजे दोन टोकं, त्यामुळं उत्तरही वेगळं. तुमच्याकडं खोळ पाण्यासाठी नाही, सावलीसाठी आहे. स्लाइडआउटचं छत पातळ असतं, दुपारी ते तापलं की आतल्या पलंगावर बसवत नाही, वर कापड असलं आणि मधून हवा खेळली की फरक हाताला कळतो. धूळही रबराखाली घासली जात नाही, आणि धूळ म्हणजे रबराला पॉलिश पेपरच की.

निळी ताडपत्री मात्र नको. आपल्या उन्हात तिचा वर्षभरात भुगा व्हायला लागतो आणि ते निळे तुकडे रबरात, नळीत अडकतात. दोनच कापडं विचारात घ्या. व्हिनाइल म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड, त्यातून पाणी जात नाही, पुसायला सोपं, पण ओलं गुंडाळलं तर घामेजतं. दुसरं अॅक्रिलिकचं विणलेलं, ते श्वास घेतं, लवकर वाळतं, रंग टिकतो, पण खूप वेळ पाणी थांबलं तर झिरपतं. तुमच्याकडं मी अॅक्रिलिकच घेईन, फिक्या रंगाचं. वर जांबोटीच्या दादांना मात्र व्हिनाइल.

शिवायला देताना दोऱ्याचं विचारा, कापडाआधी दोरा जातो. साधा सुती दोरा वापरलेली शिवण उन्हानं कुजते आणि पहिल्या वळवाला वारा सुटला की उसवते. उन्हाला टिकणारा जाड पॉलिएस्टरचा दोरा पाहिजे म्हणून सांगा. माप देताना कापड पेटीच्या छतापेक्षा दोन्ही बाजूंना थोडं जास्त पाहिजे, आणि पेटी पूर्ण बाहेर असतानाही नळीवर एक-दोन वेढे शिल्लक राहतील एवढी लांबी पाहिजे, नाहीतर सगळा ताण चिकटवलेल्या कडेवर येतो. भिंतीला जिथं जिथं स्क्रू मारतील तिथं आधी ब्युटाइल टेप म्हणजे चिकट रबरी पट्टी, मग स्क्रू, मग डोक्यावर सीलंट. पाणी अडवायला म्हणून पाडलेल्या भोकांतूनच पाणी आत आलेलं मी पाहिलंय.

वळवाच्या गारा पडायला लागल्या तर पेटी आत घ्या. आणि गोकाकच्या धबधब्याकडं मुक्काम केलात तर माकडं वर उड्या मारतात, तेव्हाही.

प्रश्न (निपाणी) : आमची लेक आणि जावईबापू अमेरिकेत असतात, त्यांनी आरव्ही म्हणजे तिकडचं फिरतं घर घेतलंय. उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार आहोत, महिनाभर तीतच फिरायचंय. लेक म्हणते रात्री वाऱ्यानं वरचं कापड इतकं फडफडतं की झोप येत नाही. काढून टाकायचं म्हणतात. काढू द्यावं का?

उत्तर : काकू, काढायच्या आधी जावईबापूंना एक बघायला सांगा. कापड सैल पडलंय का. स्प्रिंगचा ताण काही वर्षांनी उतरतो आणि मग थोड्या वाऱ्यातही ते वाजतं, ताण परत भरून घेतला की पुष्कळदा आवाज निम्म्यावर येतो. तिकडं डोमेटिक, लिपर्ट, केअरफ्री अशा कंपन्यांच्या खोळी असतात, किती वेढे द्यायचे ते लांबीप्रमाणं त्यांच्या पुस्तकात दिलेलं असतं, अंदाजानं देऊ नये. कापडच जुनं होऊन ताणलं गेलं असेल तर नुसतं कापड बदलून मिळतं, नळी तीच राहते.

मुक्काम करताना गाडीचं तोंड वाऱ्याकडं करून लावायची, आडवी नाही. तरीही जोर असेल तर तुमच्या झोपायच्या बाजूची पेटी रात्रीपुरती आत घ्यायची, पण आत घेतल्यावर पलंगावर जागा राहते का आणि उठून बाथरूमपर्यंत जाता येतं का ते दिवसाउजेडी एकदा करून बघा, ह्या वयात रात्री अंधारात चाचपडणं नको. तिकडं झाडाखालचे कॅम्प असतात, पाइनच्या सुया आणि डिंक पडतो, त्यासाठी खोळ लागतेच, म्हणून काढून टाकू नये असं माझं मत. थंडीत गाडी बाहेरच उभी राहणार असेल तर पेट्या आत घेऊन ठेवायला सांगा, बर्फ कापडावर गोठला की ते गुंडाळत नाही आणि जोर केला की फाटतं.