बर्लिनला निघालात? आधी पत्ता, मग बाकीचं

जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे या दिवसांत सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी बर्लिनला निघालेल्या मुलांची आणि उरलेली त्यांच्या आयांची असतात. मी इथे बर्लिनच्या वेडिंग भागात राहते. शिकायला आले आणि इथलीच झाले. म्युनिक-हॅम्बुर्गबद्दल विचारणाऱ्यांनी रागावू नये, मी फक्त माझ्या गावाबद्दल खात्रीने बोलू शकते.

ताई, नॉयकोल्न भागात साडेतीनशे युरो भाड्याचा अख्खा फ्लॅट ऑनलाइन सापडला आहे. मालक सध्या लंडनला असतो. डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणतो. बाबा म्हणतात, हातची जागा सोडू नकोस. पैसे पाठवू का? (नांदेड)

एक युरोसुद्धा पाठवू नकोस. बाबांना सांग, जागा हातात आलेलीच नाही, फक्त फोटो आलेत. आज बर्लिनमध्ये चार जणांच्या घरातली एक बरी खोली सहाशे-साडेसहाशे युरोंना जाते. अशा शहरात साडेतीनशेला अख्खा फ्लॅट आणि परदेशात बसलेला प्रेमळ मालक ही जोडी दिसली की समजून जावं. खरा मालक जागा दाखवतो, उलट तुझीच कागदपत्रं मागतो आणि डिपॉझिट कराराच्या वेळी घेतो. तेही कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटं’इतकं, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे निव्वळ भाडं असतं तेवढं.

मग करायचं काय? विद्यापीठात प्रवेश मिळाल्या दिवशीच स्टुडीरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था) वसतिगृहासाठी अर्ज टाक. नंबर लागायला वेळ लागतो, पण अर्ज न केलेल्याचा तो कधीच लागत नाही. पहिल्या एक-दोन महिन्यांसाठी कुणाची तरी रिकामी खोली तात्पुरती घे. सुट्टीवर किंवा इंटर्नशिपला गेलेली मुलं अशा खोल्या देतात. खोली बघताना वायफाय, बाल्कनी, मेट्रो किती लांब हे सगळं नंतर विचार. पहिला प्रश्न एकच: “आनमेल्डुंग होईल ना?”

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पालिकेच्या ब्युर्गरआम्टमध्ये पत्त्याची नोंद करायची, ती आनमेल्डुंग. त्यासाठी पासपोर्ट, फॉर्म आणि घर देणाऱ्याच्या सहीचा एक वेगळा कागद लागतो. भाडेकरार दाखवून चालत नाही, त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. (उच्चार जमला नाही तरी चालेल, मोबाइलवर लिहून दाखव.) करविभागाचा क्रमांक, बहुतेक बँकांतलं खातं, पुढे व्हिसाची मुदतवाढ, सगळं या नोंदीवर अडतं. “नोंद होणार नाही, म्हणून भाडं कमी” असं म्हणणारे भेटतील. तिथे फार तर महिनाभर पाठ टेक. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता विकणारेही भेटतील, तो सरळ बेकायदेशीर मामला आहे, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

ब्युर्गरआम्टची वेळ ऑनलाइन घ्यायची असते आणि आपल्याच भागातलं ऑफिस हवं असं नाही. शहराच्या टोकाला श्पांडाऊला वेळ मिळाली तर श्पांडाऊला जा. सकाळी लवकर साइट उघडलीस तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. तारीख १४ दिवसांपलीकडची मिळाली तर घाबरू नकोस, वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेव.

आता एक गोष्ट, जी सल्लागार कंपन्या हमखास सांगायच्या विसरतात. इथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो, ते नसेल तर पत्र परत. एटीएम कार्ड, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, सगळं पोस्टाने येतं. तेव्हा किल्ली मिळाली की त्याच संध्याकाळी घरातल्यांना विचारून पेटीवर आणि बेलवर चिकटपट्टीने आडनाव लाव, स्पेलिंग पासपोर्टातलंच. आपल्या पासपोर्टात नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, त्यामुळे इथली सरकारी पत्रं बाबांच्या नावासकट येतात. त्यांना फोटो पाठव, खूश होतील.

मुलगी पुढच्या महिन्यात निघतेय. बॅगेत साजूक तूप, कंदी पेढे, सुका आणि ताजा कढीपत्ता, थोडं सुकट आणि प्रेशर कुकर देणार आहे. चालेल ना? (अहिल्यानगर)

काकू, तूप आणि पेढे काढा. युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तूप दुधातच मोजतात. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. विमानतळावर पेढ्यांचा पुडा कचऱ्यात गेलेला बघणं फार जिवावर येतं. तूप ती इथे करील. अडीचशे ग्रॅमची बिनमिठाची लोण्याची वडी कुठेही मिळते, कढवलं की झालं. सुकट नियमात बसतं, पण कपड्यांच्या बॅगेत नको हो.

त्याऐवजी गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुलं, भाजणी द्या. डाळी-तांदूळ-पोहे इथल्या भारतीय दुकानांत असतात, त्यांचं वजन वाहू नका. कोथिंबीर आणि भेंडीसाठी तुर्की दुकानं आहेत. मायबाखउफर या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो, उठायच्या वेळेला भाव उतरतात. कुकर जरूर द्या, पण स्टीलचा आणि सपाट बुडाचा. शेगडी इंडक्शनची निघाली तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर नुसता शोभेला राहतो. आणि तीन पिनांचं आपलं प्लग इथे बसत नाही, एक अॅडॉप्टर द्या.

टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी महिना १८.३६ युरो भरा असं पत्र आलंय. फसवणूक आहे का? (मूळची रत्नागिरी, सध्या मोआबिट, बर्लिन)

नाही, खरं आहे. सार्वजनिक प्रसारणाची ही वर्गणी घरटी असते, टीव्ही असो-नसो. पण घरटी म्हणजे घरटीच. तुमच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी आधीच भरत असेल तर त्यांचा वर्गणी क्रमांक पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाला कळव आणि तुझा वाटा भरणाऱ्याला दे. पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरलीस तर दंडाची पत्रं येत राहतील. जर्मन पत्राला उत्तर न देणं हा या देशातला सगळ्यात महागडा आळस आहे.

फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. रूममेट वैतागलेत. (सोलापूर)

अलार्म सहसा खोलीत आणि पॅसेजमध्ये असतो. स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी सताड उघड, मगच मोहरी टाक. अलार्मवर मोजा चढवू नकोस, तो जीव वाचवायला आहे. नंतरही पाच-दहा मिनिटं खिडकी उघडी ठेव, थंडीतसुद्धा. बंद खोलीत कपडे वाळवले आणि हवा खेळवली नाही की भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते. रात्री दहानंतर कुकरच्या शिट्ट्या नकोत.

किती काम करता येतं? विमा स्वस्तातला घेऊ का? (जळगाव)

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. विम्याला मात्र काटकसर नको. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतला विमा महिना दीडशेच्या आसपास पडतो. स्वस्त खासगी विमा दाखवून सरकारी विम्यातून सूट घेतलीस तर शिक्षण संपेपर्यंत त्यात परत येता येत नाही.

रविवारी दुपारी विमानतळावर उतरतोय. आल्या आल्या काय करू? (सातारा)

इथे तिकिटांसाठी शहराचे ए, बी, सी असे झोन आहेत. विमानतळ सी झोनमध्ये आहे, तेव्हा तिकीट ‘एबीसी’चं घे. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मार. इथे स्टेशनांत तिकिटाची फाटकं नाहीत, तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड ६० युरो. सरकारी विद्यापीठांच्या फीमध्ये सहसा प्रवासाचा पास येतो, खासगी कॉलेजांत तसं असेलच असं नाही, ते आधी विचारून ठेव.

रविवारी दुकानं बंद असतात. मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट मात्र उघडं असतं. गर्दी असेल, पण दूध-पाव-अंडी मिळतील. पाण्याच्या बाटल्या उचलू नकोस, नळाचं पाणी पिण्यासारखं आहे.